पगारातून कापायचा व्यवसाय कर : महाराष्ट्रातल्या छोट्या मालकाने काय, कधी आणि कसं करायचं

कारखाना, दुकान, दवाखाना, क्लास किंवा ऑफिस सुरू करून माणसं पगारावर ठेवली की चर्चा होते ती पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची. पीएफ साधारणपणे २० माणसांनंतर येतो, ईएसआय १० माणसांनंतर. त्यामुळे चार-पाच माणसांच्या मालकाला वाटतं, आपल्याला अजून काहीच लागू नाही. प्रत्यक्षात राज्याचा व्यवसाय कर पहिल्याच माणसाच्या पहिल्याच पगारापासून लागू होऊ शकतो. त्याला माणसांच्या संख्येची अट नाही. एकाच पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला, की मालकाची जबाबदारी सुरू झाली.

रक्कम लहान आहे, महिन्याला जास्तीत जास्त दोनशे रुपये, फक्त फेब्रुवारीत तीनशे. म्हणूनच हा विषय मागे ढकलला जातो आणि दोन-तीन वर्षांनी नोटीस आली की कराच्या कित्येक पट विलंब शुल्क भरावं लागतं. या सगळ्यात एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. कर कर्मचाऱ्यावर आहे, पण सरकार तो कर्मचाऱ्याकडे मागत नाही, मालकाकडे मागतं. तुम्ही पगारातून कापला की नाही, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. कापला नसला तरी भरायचा तुम्हीच, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

हा कर आहे कशासाठी

व्यवसाय कर हा राज्याच्या अधिकारातला विषय. राज्यघटनेच्या कलम २७६ ने राज्यांना तो लावायची मुभा दिली आणि कमाल मर्यादाही घातली. एका माणसाकडून एका राज्याला वर्षाला फार तर २५० रुपये घेता येत होते. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि ती आजही तीच आहे. म्हणून पाच लाख महिना कमावणारा व्यवस्थापक आणि पंधरा हजारांचा मशीन ऑपरेटर, दोघांचाही वर्षाचा कर सारखाच, २,५०० रुपये.

महाराष्ट्राने आपला कायदा १९७५ साली केला. त्यामागे १९७२ चा दुष्काळ आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना आहे. खेड्यात हाताला काम नसलेल्याला सरकारने काम द्यायचं आणि त्याच्या मजुरीचा भार शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने थोडा थोडा उचलायचा, ही त्यामागची कल्पना. पगार स्लिपवरचे दोनशे रुपये कुठून आले हे कर्मचाऱ्याने विचारलं तर त्याला हे जरूर सांगा. ‘सरकारी कटिंग आहे’ एवढ्यावर बोळवण करण्यापेक्षा हे बरं. रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर गेलेल्या माणसांच्या मजुरीशी या कराचं नातं आहे, आणि अनेक कामगारांच्या घरातच त्या कामावर गेलेलं कुणीतरी असतं.

पहिली पायरी : दोन नोंदण्यांतला फरक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. व्यवसाय कराच्या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत आणि बहुतेक मालकांना दोन्ही लागतात.

पहिली पीटीआरसी, म्हणजे मालक म्हणून नोंदणी. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर या खात्यावर भरायचा. दुसरी पीटीईसी, म्हणजे व्यावसायिक म्हणून स्वतःची नावनोंदणी. यात तुमचा स्वतःचा किंवा तुमच्या कंपनीचा कर जातो, बहुतेकांना वर्षाला २,५०० रुपये. कंपनीला पीटीईसी वेगळी आणि तिच्या संचालकांना वेगळी. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराला आपापली.

दोन्ही क्रमांक अकरा अंकांचे असतात आणि शेवटी ‘पी’ हे अक्षर असतं. पीटीआरसीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने. हे दोन आकडे पाठच करून ठेवा, कारण कर्मचाऱ्यांचा कर ९९ वाल्या क्रमांकावर भरला गेल्याची प्रकरणं रोज घडतात. पैसे सरकारकडे पोचलेले असतात, तरी पीटीआरसी खात्यावर थकबाकी दिसत राहते आणि ती निस्तरायला कार्यालयाच्या फेऱ्या होतात. चलन तयार करताना सुरुवातीचे दोन अंक वाचले तर ही वेळ येत नाही.

नोंदणी महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर होते. जुना विक्रीकर विभाग तो हाच. पॅन, आधार, जागेचा पुरावा, रद्द केलेला धनादेश, भाड्याची जागा असेल तर करारनामा, आणि संस्थेच्या प्रकारानुसार भागीदारीपत्र किंवा कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. जबाबदारी सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. उशीर झाला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसामागे दंडाची तरतूद आहे.

नवी कंपनी काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २०२० पासून महाराष्ट्रात कंपनी नोंदवतानाच व्यवसाय कराची नोंदणी त्याच अर्जातून होते. कंपनीचे कागद आले, त्यात हे प्रमाणपत्रही आलं आणि फाइलमध्ये गेलं, असं होतं. ते क्रमांक बाहेर काढून आपल्या सीएला दाखवा आणि आपल्यावर विवरणपत्र भरण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या महिन्यापासून येते ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

प्रमाणपत्र मिळालं की त्याची प्रत कामाच्या ठिकाणी दर्शनी भागात लावा. नियमाने ते लावायचंच असतं.

दुसरी पायरी : कोणाच्या पगारातून किती

महाराष्ट्रातले पगारदारांचे दर १ एप्रिल २०२३ पासून असे आहेत.

पुरुष कर्मचारी : महिन्याचा पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर काही नाही. ७,५०१ ते १०,००० असेल तर १७५ रुपये. १०,००० च्या वर असेल तर २०० रुपये, आणि फेब्रुवारीच्या पगारातून ३००.

महिला कर्मचारी : २५,००० रुपयांपर्यंत काही नाही. त्याच्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.

फेब्रुवारीचे जादा शंभर रुपये वर्षाची बेरीज २,५०० करण्यासाठी आहेत. अकरा महिन्यांचे २,२०० आणि शेवटचे ३००. हा जादा शंभर फक्त दोनशेच्या टप्प्याला लागतो. १७५ च्या टप्प्यात फेब्रुवारीतही १७५ च. काही पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये फेब्रुवारीला सरसकट ३०० बसवलेले आढळतात, तेवढं तपासून घ्या.

महिलांसाठीची मर्यादा २०२३ पूर्वी १०,००० होती, ती २५,००० झाली. हा बदल होऊन इतका काळ लोटला तरी पंधरा-अठरा हजार पगाराच्या बाईच्या स्लिपवर दोनशे रुपये कापलेले मी अजून पाहतो. कुणी मुद्दाम करतं असं नाही, जुना साचा तसाच पुढे ओढला जातो. पण त्या बाईचे वर्षाला अडीच हजार रुपये विनाकारण जातात, आणि पंधरा हजारांच्या घरात अडीच हजार ही मोठी रक्कम आहे. आजच आपलं पगारपत्रक उघडा आणि २५,००० च्या आतल्या सगळ्या महिलांच्या नावापुढे शून्य आहे का ते पाहा. नसेल तर कापलेले पैसे परत द्या.

पगार म्हणजे नेमकं काय

टप्पा ठरवताना मूळ वेतन धरायचं नाही आणि हातात पडणारी रक्कमही धरायची नाही. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि नियमितपणे मिळणारे इतर सगळे भत्ते यांची, कुठलीही कपात होण्याआधीची बेरीज धरायची. एखाद्या बाईचं मूळ वेतन १४,००० आणि भत्ते १२,००० असतील तर पगार २६,००० झाला आणि कर लागू झाला. पीएफ कापून तिच्या हातात २५,००० पेक्षा कमी पडत असले तरी फरक पडत नाही. उलट बोनस आणि ग्रॅच्युइटी या बेरजेत येत नाहीत. दिवाळीच्या महिन्यात बोनसमुळे आकडा फुगला म्हणून कर लावायचा नाही. प्रवासाची बिलं दाखवून घेतलेले पैसे म्हणजे पगार नव्हे, आणि मालकाचा पीएफचा वाटा जोडून फुगवलेला सीटीसीचा (कर्मचाऱ्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा इथे कामाचा नाही.

हिशोब महिन्यामहिन्याने होतो. चोवीस हजार पगाराचा माणूस वीस तारखेला रुजू झाला आणि त्या महिन्यात त्याला ८,८०० रुपये मिळाले, तर त्या महिन्यापुरता तो १७५ च्या टप्प्यात. बिनपगारी रजेमुळे कुणाचा महिन्याचा पगार ७,५०० च्या खाली आला, तर त्या महिन्यात कर नाही. मात्र दोनशे रुपये दिवसांच्या प्रमाणात वाटायचे नसतात. टप्पा लागला की त्या टप्प्याची पूर्ण रक्कम कापायची.

आजच्या किमान वेतनाचे दर पाहता पूर्णवेळ पुरुष कामगार १७५ च्या टप्प्यात सापडू नये. सापडलाच तर व्यवसाय कराच्या आधी किमान वेतनाचा प्रश्न तपासायला हवा. अर्धवेळ झाडलोट करणारा किंवा महिना अर्धवट भरलेला माणूस, असेच त्या टप्प्यात राहतात.

पगारवाढ देतानाही हा टप्पा डोळ्यांसमोर ठेवा. २४,९०० पगाराच्या बाईला दोनशे रुपयांची वाढ देऊन २५,१०० केलं, तर ती वाढ पूर्णच करात जाते. मालकाच्या खिशातून पैसे गेले आणि तिच्या हातात काहीच आलं नाही. अशा ठिकाणी वाढ थोडी जास्त द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी : कुणाला सूट आहे ते कागदासह नोंदवा

कायद्याने काही जणांना या करातून पूर्ण सूट दिली आहे. मालकाला नेहमी भेटणारे प्रकार तीन. वयाची ६५ वर्षं पूर्ण केलेला कर्मचारी. किमान ४० टक्के अपंगत्व असलेला कर्मचारी, यात अंधत्वही आलं. आणि मतिमंद मुलाचे पालक. याशिवाय लष्करातले जवान, कापड गिरण्यांतले बदली कामगार वगैरेही यादीत आहेत.

यातला पालकांचा मुद्दा फारच कमी लोकांना माहीत असतो. कामगार आपल्या घरातली अशी अडचण मालकाला सांगायला संकोचतो आणि मालकाला विचारायचं सुचत नाही. भरती करताना जो माहिती अर्ज भरून घेता त्यात ‘व्यवसाय करातून सूट लागू आहे का’ असा एक रकाना आणि खाली तीन पर्याय छापून टाका. म्हणजे कुणाला तोंडाने बोलावं लागणार नाही. सूट देताना सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची प्रत, वयासाठी जन्मतारखेचा पुरावा, त्या माणसाच्या फाइलला लावा. तपासणी झाली तर कागदच विचारला जातो.

एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्याचा प्रश्न वेगळा. दोन्ही मालकांनी कापला तर त्याचा वर्षाचा कर २,५०० च्या वर जाईल. यासाठी कायद्यात सोय आहे. त्याने स्वतःची नावनोंदणी घ्यायची, कर स्वतः भरायचा आणि तसं लेखी मालकाला द्यायचं. ते लेखी हातात येईपर्यंत कापत राहा. ‘तिकडे कापतात’ या तोंडी सांगण्यावर थांबलात तर जबाबदारी तुमच्यावरच राहील.

कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसांचा कर कंत्राटदाराने कापायचा, कारण त्यांचा पगार तो देतो. तरीही त्याचं बिल मंजूर करताना पीटीआरसी क्रमांक आणि चलनाची प्रत मागून घ्यायची सवय ठेवा.

एक पगारपत्रक मांडून पाहू

एमआयडीसीतलं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप समजा. पटावर अकरा माणसं. पुरुष सुपरवायझर, पगार ३२,०००. चार पुरुष वेल्डर, प्रत्येकी १८,५००. हिशोब सांभाळणाऱ्या बाई, २६,५००. पॅकिंगला दोन बायका, प्रत्येकी १६,०००. अर्धवेळ सफाई करणारा माणूस, ८,२००. सदुसष्ट वर्षांचे रात्रपाळीचे राखणदार, १२,०००. आणि ४५ टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेला ग्राइंडर, १५,०००.

सुपरवायझरचे २००. वेल्डरांचे ८००. हिशोबाच्या बाईंचे २००. सफाई कामगाराचे १७५. पॅकिंगच्या बायका मर्यादेच्या आत म्हणून शून्य, राखणदार वयामुळे शून्य, ग्राइंडर प्रमाणपत्रामुळे शून्य. महिन्याचा कर १,३७५ रुपये.

फेब्रुवारीत दोनशेवाल्या सहा जणांचे प्रत्येकी तीनशे होतात, म्हणजे १,८०० आणि वर १७५, एकूण १,९७५. अकरा महिन्यांचे १५,१२५ आणि फेब्रुवारीचे १,९७५ मिळून वर्षाचे १७,१०० रुपये. ताळा पाहायचा तर सहा जणांचे २,५०० प्रमाणे १५,००० आणि सफाई कामगाराचे १७५ प्रमाणे बारा महिन्यांचे २,१००. बेरीज जुळते. दर मार्चला असा दुहेरी ताळा घ्या, पाच मिनिटांचं काम आहे आणि वर्षभरातली चूक त्यात उघडी पडते.

चौथी पायरी : भरणा आणि विवरणपत्र

विवरणपत्र किती वेळा भरायचं हे मागच्या वर्षीच्या एकूण कराच्या रकमेवर ठरतं. मागच्या वर्षीचा कर एक लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर वर्षातून एकच विवरणपत्र, ३१ मार्चपर्यंत. एक लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला, महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. अंदाजासाठी सोपा हिशोब : पूर्ण दराची चाळीस माणसं वर्षभर असली की बरोबर एक लाख होतात. पस्तिशीच्या पुढे गेलेल्या मालकाने पुढच्या वर्षाची तयारी आधीच ठेवावी.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात तो मुद्दा. नव्याने पीटीआरसी घेतलेल्या मालकाला पहिल्या वर्षी दर महिन्याचं विवरणपत्र भरावं लागतं, कर कितीही कमी असला तरी. ‘आपला कर एक लाखाच्या खाली आहे, मार्चमध्ये एकदम भरू’ असं समजून नवा मालक निवांत राहतो. आणि प्रत्येक चुकलेल्या विवरणपत्रामागे विलंब शुल्क वेगळं लागतं. शेवटच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत भरलं तर २०० रुपये, त्यानंतर १,००० रुपये. वरच्या वर्कशॉपचा महिन्याचा कर १,३७५ आणि न भरलेल्या प्रत्येक महिन्याचं शुल्क हजार, म्हणजे जवळजवळ कराइतकंच. दहा महिने झोपलात तर दहा हजारांच्या घरात. पीटीआरसी मिळाल्याच्या दिवशीच मोबाइलमध्ये दर महिन्याच्या २५ तारखेची आठवण लावून टाका.

दुसरा मुद्दा कालावधीचा. इथे वर्ष मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत मोजतात. मार्चचा पगार एप्रिलच्या विवरणपत्रात येतो, एप्रिलचा मेच्या, आणि फेब्रुवारीचा मार्चच्या. म्हणूनच फेब्रुवारीच्या पगारातून ३०० कापले जातात, वर्षातला तो शेवटचा हप्ता. वार्षिक विवरणपत्र भरणाऱ्याने ३१ मार्चला मार्चच्या पगाराची वाट पाहायची नसते, तो पुढच्या वर्षात जातो. हिशोब ठेवणाऱ्या माणसाला हे एकदा कागदावर लिहून द्या, नाहीतर एक महिना इकडचा तिकडे होतो आणि तो पुढे कायम तसाच राहतो.

काम करायचं ते या क्रमाने. आधी संकेतस्थळावरच्या ई-पेमेंटमध्ये पीटीआरसी निवडून २७ ने सुरू होणारा क्रमांक टाका. कालावधी निवडा. रक्कम करापोटी, व्याजापोटी आणि विलंब शुल्कापोटी अशी वेगवेगळ्या रकान्यांत भरायची असते, सगळी करातच टाकू नका. पैसे भरल्यावर एमटीआर-६ हे चलन मिळतं, ते लगेच पीडीएफ म्हणून जपून ठेवा. मग ३ ब नमुन्याच्या विवरणपत्राची एक्सेल फाइल उतरवून घ्या, प्रत्येक टप्प्यातले किती कर्मचारी आणि किती कर ते भरा, चलनाचा तपशील टाका, फाइलमधलंच बटण दाबून तपासणी करा आणि लॉगिन करून ती चढवा. पोच आली की काम झालं. चलन भरलं म्हणजे विवरणपत्र भरलं, असं मात्र नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ‘पैसे तर वेळेत भरले होते’ म्हणणाऱ्यांनाही विलंब शुल्क लागलेलं आहे.

शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ रखडतं, विशेषतः मार्चअखेर. २५ तारीख त्यासाठीच सांगितली.

पीटीईसीचा कर वेगळ्या वेळी भरायचा असतो, दर वर्षी ३० जूनपर्यंत. त्याला विवरणपत्र नाही, नुसता भरणा. चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर पाच वर्षांची जबाबदारी संपते, अशी सोयही आहे. जागा आणि धंदा स्थिर असेल तर ती घ्यावी. अडीच हजार वाचतात आणि दर जूनची आठवण ठेवावी लागत नाही.

कापून न भरणं

चूक दोन प्रकारची असते. कापलाच नाही, आणि कापला पण भरला नाही. कायद्याच्या लेखी दोन्हींत मालक देणेकरी. करावर दरमहा सव्वा टक्क्यापासून सुरू होणारं व्याज, शिवाय अधिकारी बाजू ऐकून घेऊन कराच्या दहा टक्के दंड लावू शकतो. पण माझ्या मते दोन्ही चुका सारख्या नाहीत. कापायला विसरलात तर नुकसान तुमचं. कापून वापरलात तर कामगाराच्या ताटातले दोनशे रुपये तुम्ही घेतलेत. तंगीच्या महिन्यात विक्रेत्याचं बिल थांबवा, ही रक्कम थांबवू नका. पगाराच्या दिवशीच ती वेगळ्या खात्यात टाकली, तर वार्षिक विवरणपत्राच्या वेळी एकदम सतरा-अठरा हजार उभे करायची वेळ येत नाही.

कापायला विसरलेले आठ-दहा महिने सापडले तर मागचा सगळा कर पुढच्या एका पगारातून वसूल करायला जाऊ नका. चूक तुमची आहे, ती तुम्ही सोसा, आणि पुढच्या महिन्यापासून नीट कापा.

कर्मचाऱ्याच्या प्राप्तिकराशी याचा एक धागा आहे. जुन्या करप्रणालीत भरलेल्या व्यवसाय कराची वजावट पगाराच्या उत्पन्नातून मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. म्हणून फॉर्म १६ मध्ये, म्हणजे मालक कर्मचाऱ्याला देतो त्या पगार आणि प्राप्तिकर कपातीच्या प्रमाणपत्रात, हा आकडा बरोबर यायला हवा. कर तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलात, तर तो कर्मचाऱ्याला दिलेला लाभ धरला जातो, तेही त्यात यायला हवं.

पाचवी पायरी : कामगार कल्याण निधी

हा कर नव्हे, पण राज्याच्या कायद्याने पगारातून होणारी दुसरी कपात हीच. १९५३ च्या कायद्याखाली पाच किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ती लागू होते. मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर दर सहा महिन्यांना कर्मचाऱ्याचे २५ रुपये आणि मालकाचे त्याच्या तिप्पट, ७५ रुपये. त्याआधी हेच आकडे १२ आणि ३६ होते, कमी पगाराला ६ आणि १८. ३० जून आणि ३१ डिसेंबर या दोन दिवशी पटावर जे असतील त्यांची मोजणी करायची. जूनचा भरणा १५ जुलैपर्यंत, डिसेंबरचा १५ जानेवारीपर्यंत. भरणा महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो, कर विभागाकडे नाही.

३,५०० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेले व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यातून वगळलेले आहेत. वरच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर सोडून दहा जण उरतात. त्यांचे २५० आणि मालकाचे ७५०, सहा महिन्यांना एक हजार रुपये. इथे व्यवसाय करातली सूट चालत नाही. राखणदार आणि ग्राइंडर दोघेही निधीच्या हिशोबात येतात.

पंचवीस रुपये भरून थांबू नका. या मंडळाकडून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, वाचनालयं आणि कल्याण केंद्रं चालतात. कामगाराला याची माहिती नसते आणि अर्जाला मालकाकडून निधी भरल्याचा पुरावा लागतो. जून-जुलैमध्ये शाळा-कॉलेजं सुरू होताना ही माहिती सूचना फलकावर लावा आणि मागेल त्याला दाखला त्याच दिवशी द्या.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. काम सोडून गेलेल्या कामगाराचा पगार, बोनस किंवा ग्रॅच्युइटी तीन वर्षं दिली गेली नाही, तर ती रक्कम मालकाने ठेवून घ्यायची नसते. ती या निधीत जमा करायची असते. त्याआधी तो माणूस शोधायचा खरा प्रयत्न करा, गावाकडचा पत्ता फाइलमध्ये असतोच.

माणूस दुसऱ्या राज्यात बसला असेल तर

मुख्य कार्यालय पुण्यात आणि विक्री प्रतिनिधी बेळगावात, अशी रचना आता छोट्या धंद्यांतही असते. कर कर्मचारी जिथे नोकरीवर आहे त्या राज्याचा लागतो. कर्नाटकात २५,००० च्या खाली कर नाही आणि तिथे पुरुष-महिला असा भेद नाही. गुजरातेत १२,००० पर्यंत नाही, त्यावर २००. तेलंगणात १५,००० पर्यंत नाही, पुढे २०,००० पर्यंत १५० आणि त्यावर २००. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान इथे हा कर नाही. त्या राज्यात माणूस ठेवण्याआधी तिथली नोंदणी घ्या. बेळगावच्या माणसाचा कर महाराष्ट्रात भरला, तर कर्नाटकची देणी तशीच उभी राहतात.

सहावी पायरी : बंद करताना

धंदा बंद झाला किंवा कर लागू होईल असा एकही कर्मचारी उरला नाही, तर पीटीआरसी आपोआप बंद होत नाही. ती रद्द करण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तोवरची सगळी विवरणपत्रं भरलेली असावी लागतात. मालक मरण पावला किंवा भागीदारी मोडली तेव्हा तर हे हमखास राहून जातं, आणि कित्येक वर्षांनी वारसाच्या हातात नोटीस पडते. पीटीईसीचंही तसंच, ती वेगळा अर्ज देऊन रद्द करायची. अर्जासोबत शेवटच्या महिन्याचं पगारपत्रक, जागा सोडल्याचा कागद आणि शेवटचं चलन जोडा, रद्द झाल्याचा आदेश डाउनलोड करा आणि मूळ प्रमाणपत्राच्या फाइलमध्येच तो ठेवून द्या.